दातिवरे ते कुंभवली, व्हाया बळवंतकाका

बळवंत चुरींना कुणी कॉम्प्युटरवाले म्हटलं की ते लगेच दुरुस्ती करतात. "वायरमन," ते म्हणतात. "पालघर आयटीआय, वायरमन ट्रेड."

कुंभवलीच्या अंगाला, तारापूर एमआयडीसीच्या एका आतल्या गल्लीत, कापडाच्या रंगांसाठी लागणारी रसायनं करणारा छोटा कारखाना आहे. तेहतीस वर्षांपूर्वी बळवंतकाका तिथे मोटारी आणि ट्यूबलाइटी सांभाळायला लागले. पुढे ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. त्याला वायर लागते म्हणून त्यांना बोलावणं गेलं. दुसरा आला तेव्हा तो पहिल्याशी जोडायला पुन्हा वायर लागली. असं होता होता बावीस कॉम्प्युटर, चार प्रिंटर आणि काचेच्या कपाटात घुमत बसलेला एक सर्व्हर काकांच्या पदरी पडला. वायर ज्याने ओढली, दुखणंही त्याचंच, असा कारखान्याचा रिवाज होता. काकांनी तो कधी मोडला नाही.

शिकले ते सगळं फोनवर विचारून आणि वहीत लिहून. वही जाड पुठ्ठ्याची, लांबोडकी. तिच्यात प्रत्येक दुखण्यावरचा उपाय त्यांच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेला. 'प्रिंटर रुसला तर बंद करावा, चहा पिऊन यावं, मग सुरू करावा. चहा न पिता सुरू केल्यास पुन्हा रुसतो.' ऑफिसातली मंडळी या वहीची भरपूर थट्टा करत. ती मुळापासून शेवटपर्यंत वाचली होती एकट्या दिशाने. नुसती वाचली नाही, तर दुपारच्या सुट्टीत रोज दोन-दोन पानं टाइप करून तिने अख्खी वही कॉम्प्युटरवर चढवली. चहाचं वाक्यही गाळलं नाही.

दिशा तामोरे दातिवऱ्याची सून. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं ती करायची. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मालाच्या तपासणीचे दाखले. नोकरीला अकरा महिने झाले होते, अजून कायम व्हायची होती. सकाळी दातिवऱ्याहून एसटी, केळवे रोडहून गाडी आणि बोईसरहून रिक्षा, एवढं करून ती बळवंतकाकांच्या आधी पोचलेली असायची. सासरच्या घरात होडीवर जाणारे आणि बाजारात बसणारे पुष्कळ होते, पण खुर्चीत बसून पगार घेणारी ती पहिलीच. त्या खुर्चीची तिच्या सासूला, मंजुळाबाईंना, कोण अपूर्वाई! एकदा त्या बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकायला आल्या, तेव्हा वाट वाकडी करून खास ती खुर्ची बघून गेल्या होत्या.

तीच दिशा डिसेंबरात पडली. बोंबील वाळत घालायचे बांबू असतात, त्यांची सुटलेली दोरी बांधायला स्टुलावर चढली आणि स्टूल वाळूत रुतलं. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दीड महिना प्लास्टर, पुढे दोन महिने काठी, आणि तोवर प्रवास बिलकुल नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

कारखान्याचे मालक मेहुलभाई माणूस वाईट नव्हे. दवाखान्यात फळं घेऊन गेले होते. पण समुद्रापार जाणारा माल कुणाच्या घोट्यासाठी थांबत नाही.

"बळवंतभाई," त्यांनी बुधवारी विचारलं, "घरी बसून करता येईल तिला? लॅपटॉप देतो. पण फायली इथेच राहणार, आपल्या सर्व्हरवर. मेलवरून इकडेतिकडे नाही पाठवायच्या."

"करता येतं म्हणतात. व्हीपीएन म्हणून असतं."

"तुम्ही केलंय?"

"नाही."

मेहुलभाई हसले. "सोमवारी सकाळी कंटेनर निघतो. रविवारी त्याचे पेपर झाले पाहिजेत. रविवारी तिने घरून करून दाखवले तर माझी काही तक्रार नाही. नाही झाले, तर वापीचा एक माणूस तयार आहे. आणि बळवंतभाई, तो एकदा येऊन बसला की मग मी त्याला उठवू शकत नाही. समजून घ्या."

बळवंतकाकांनी समजून घेतलं आणि वहीचं कोरं पान काढलं.

व्हीपीएन लावायचं होतं ते ऑफिसच्या फायरवॉलवर. आता ही फायरवॉल म्हणजे काय, तर जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी. बाहेरचं इंटरनेट आधी तिच्यात येतं आणि मग ऑफिसात शिरतं. कोण आत येणार, कोण बाहेर जाणार, हे ती ठरवते. पेटी बसवली काकांनीच, पण आजवर तिला त्यांनी एकच काम शिकवलं होतं: नाही म्हणायचं. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना नाही. आता पहिल्यांदा तिला सांगायचं होतं, की बाई, दातिवऱ्याहून एक मुलगी येईल, तिचं नाव विचार, पासवर्ड विचार, तिच्या मोबाइलवर आलेला आकडा विचार, आणि मग तिला सर्व्हरपर्यंत गुपचूप सोड. वाटेत तिचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जाता कामा नये. व्हीपीएन, व्हीपीएन म्हणतात ते एवढंच.

गुरुवारी पेटीच्या कंपनीच्या पुणे ऑफिसातून विक्रम नावाचा एक इंजिनीअर फोनवर आला. त्याने पुण्यात बसून काकांच्या स्क्रीनवर बाण फिरवायला सुरुवात केली. काका बघत होते आणि लिहीत होते.

"सर, टायमिंग काय ठेवू?"

"सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. आणि शेठचं म्हणणं आहे, फक्त कामाच्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी ऑफिसात कुणी नसतं, तेव्हा बाहेरचं दार पक्कं बंद पाहिजे."

"त्याचं तयार सेटिंग असतं सर. लावून टाकतो."

"लावा."

बाण इकडे गेला, तिकडे गेला, एक हिरवी खूण उमटली. काकांनी पान पूर्ण केलं आणि खाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे सुट्टी. तारापूरच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. सगळ्यांनी एकाच दिवशी सुट्टी घ्यायची नाही, वीज वाटून घ्यायची, अशा कधीच्या व्यवस्थेतून तो शुक्रवार आला आणि बोईसरच्या हाडीमासी मुरला. शुक्रवारी इथली सलूनं भरतात, शुक्रवारी साखरपुडे होतात, शुक्रवारी मटण महाग असतं. बळवंतकाकांच्या घरात मात्र या शुक्रवाराने थोडी पंचाईत केली होती. त्यांची बायको नलूताई शिरगावच्या शाळेत शिक्षिका, तिची सुट्टी रविवारची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. गणपती, होळी आणि मे महिन्यातले काही दिवस सोडले तर दोघं एकदम घरी अशी नव्हतीच. शुक्रवारी काका एकटे वाडीतल्या नारळी-सुपारीला पाणी सोडत, रविवारी नलूताई एकटी झावळ्या गोळा करे. "म्हणून तर टिकलं," असं ती माहेरी सांगे.

त्या शुक्रवारी काकांनी वाडी तशीच ठेवली, लॅपटॉपची बॅग स्कूटरच्या पुढ्यात घेतली आणि माहीम, केळवे, एडवण करत समुद्राच्या कडेकडेने दातिवरं गाठलं. उन्हात चांदीसारखे बोंबील लटकले होते. दिशा ओटीवर खाटेवर बसली होती, पाय उशीवर ठेवून.

"काका, सुट्टीचं कशाला आलात?"

"सुट्टीचंच येता येतं. कामाच्या दिवशी काम असतं."

मंजुळाबाई आतून पाणी घेऊन आल्या. "भाऊ, हा डबा हितं ठेवल्यावर तिची खुर्ची वाचंल ना?"

"वाचेल, मावशी."

"नुसतं वाचंल नका बोलू. देवाला बोलल्यासारखं बोला."

"वाचणार," काका म्हणाले, आणि लॅपटॉपची बॅग उघडली.

काम सुरू झालं. नाव घातलं, पासवर्ड घातला, मोबाइलवरचा आकडा घातला. एक चक्र फिरलं आणि हिरवा दिवा लागला. दिशाने टाळी वाजवली. पण सर्व्हरची फाइल उघडायला गेली तर काहीच दिसेना. हिरवा दिवा लागलेला आणि घर रिकामं. काकांनी पुण्याला फोन लावला. विक्रमने दोन प्रश्न विचारले आणि निदान केलं: घरच्या वायफायचे अंतर्गत नंबर आणि कारखान्याचे नंबर एकच आहेत.

"म्हणजे काय, काका?" दिशाने विचारलं.

काकांनी क्षणभर विचार केला. "दातिवऱ्यात तामोरे किती?"

"अर्धं गाव."

"मग पाकिटावर नुसतं तामोरे लिहून टाकलं तर पोस्टमन कुठे देईल?"

"पहिला तामोरे दिसेल तिथे."

"तुझा लॅपटॉप तेच करतोय. सर्व्हरचा नंबर घेऊन निघतो, आणि तोच नंबर घरात दिसतो म्हणून घरातच हुडकत बसतो. कुंभवलीला जातच नाही."

घरच्या वायफायचे नंबर बदलले. पुन्हा चक्र, पुन्हा हिरवा दिवा, आणि यावेळी ओळीने सगळ्या फायली पडद्यावर उभ्या राहिल्या. दिशाने स्वतःची फाइल उघडली, एक अक्षर टाकलं, पुसलं. "आपल्याच ऑफिसात बसल्यासारखं वाटतं," ती हळूच म्हणाली.

मंजुळाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग मोडक्या पायाकडे पाहिलं. "भाऊ, जेवल्याबिगर जायचं नाय. आमच्यात आलेलं मानूस उपाशी जात नाय." काका जेवले. पापलेट होतं. परतताना केळव्यापर्यंत ते स्कूटरवर शीळ घालत होते.

शनिवारी दिशाने घरून तीन जुनी कागदपत्रं करून पाहिली. सगळं सुरळीत.

रविवारी सकाळी दहाला तिचा फोन आला.

"काका, फिरतंय."

"फिरू दे. थांबेल."

"थांबलं. लाल आलं. जोडता येत नाही म्हणतंय."

"पासवर्ड नीट घाल."

"तीनदा घातला."

काकांनी वही उघडली. फायरवॉलची पेटी बघितली, तिचे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. कारखान्याचं इंटरनेट चालू होतं. त्यांनी पेटी बंद करून सुरू केली. मधे चहाही प्यायला. पुन्हा लाल.

"घरचं वायफाय सोडून दे. मोबाइलवरून जोड."

"ह्यांचा मोबाइल होडीवर गेलाय. माझ्यावर तर तुमच्याशी बोलतेय."

मागून मंजुळाबाईंचा आवाज आला. "थांब, शेजारचा आनते. लागले तर आख्ख्या गल्लीचे आनते!"

शेजारचा मोबाइल आला. लाल. त्याच्या पुढच्या घरातला आला. लाल. "काल चांगलं चालत होतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "ती पलीकडची मैनाबाई बघून गेली तवाच मी समजले. नजर लागली."

काकांना क्षणभर तेही पटलं. त्यांनी दिशाचं नाव पेटीतून पुसून नव्याने घातलं, नवा पासवर्ड दिला. लाल. पुण्याला फोन लावला, एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला, काकांनी वैतागून कापला. थोड्या वेळाने पुन्हा लावला, पुन्हा तोच आवाज, पुन्हा कापला. बारा वाजले. बाहेर पॅकिंगची माणसं पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. "अरे, लॉट नंबर सीधा लगा," कुणीतरी ओरडत होतं. पिंपं तयार होती, अडचण फक्त त्यांच्या कागदांची होती.

साडेबाराला मेहुलभाई दारात आले. "काय म्हणतं दातिवरं?"

"बघतोय."

"दोनला मी वापीला फोन करतो. तो साडेतीन-चारपर्यंत येईल, सातच्या आत पेपर करून देईल. त्याच्या पुढे कंटेनरवाला एजंट थांबणार नाही." ते निघाले, मग वळून म्हणाले, "मला पण बरं नाही वाटत, बळवंतभाई."

बरं न वाटणारा शेठ ओरडणाऱ्या शेठपेक्षा अवघड. काकांनी खुर्ची मागे सरकवली. ते मूळचे वायरमन. दिवा काल लागत होता आणि आज लागत नसला, तर मधे काय बदललं, एवढाच प्रश्न त्यांना आयटीआयच्या मास्तरांनी शिकवला होता. काल आणि आजच्या मधे काय बदललं? दिशा तीच, लॅपटॉप तोच, घर तेच, पेटी तीच. कुणी कशाला हात लावला नव्हता. कुणी हात न लावता गोष्ट बिघडते, तिच्याइतकं दुष्ट दुखणं नाही.

ओटीवर बसलेली दिशा फोन चालू ठेवून पुन्हा पुन्हा पासवर्ड घालत होती. त्या कळांचे आवाज काकांना लागत होते. वाचणार, असं ते त्या ओटीवर बसूनच बोलून आले होते.

सव्वाला त्यांनी दुसऱ्या फोनवरून तिसऱ्यांदा पुणे लावलं. आता कापायचाही कंटाळा आला होता. फोन टेबलावर ठेवून ते चहाच्या रिकाम्या कपाकडे बघत राहिले आणि बाई आपली बोलत राहिली. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आमचं कार्यालय सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते सहा सुरू असतं. आज रविवार असल्यामुळे...

"रविवार," काका म्हणाले.

"काय काका?" दिशा म्हणाली.

तेहतीस वर्षांत बळवंतकाकांनी रविवारची दखल घेतली नव्हती. रविवार म्हणजे त्यांच्या लेखी शनिवारनंतरचा आणखी एक कामाचा दिवस. एवढंच, की त्या दिवशी डबा गरम मिळतो, कारण नलूताईला शाळेची घाई नसते. बाकीचा देश त्या दिवशी पाय पसरून बसतो, हे त्यांना माहीत होतं, पण ऐकून माहीत असलेल्या गोष्टींसारखं.

"दिशा, परवा शुक्रवारी लागलं होतं ना गं?"

"हो. तुम्हीच लावलंत."

"लागायला नको होतं!"

"म्हणजे?"

"अगं सुट्टी होती! सुट्टीच्या दिवशी दार बंद ठेवा म्हणून मी स्वतः सांगितलं होतं. मग शुक्रवारी ते उघडलं कसं? आणि मी जेवून, शीळ घालत घरी आलो!"

दिशाला वाटलं काकांना ऊन लागलं. तिने सासूकडे बघून हात हलवला. मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला.

काकांनी पेटीचं पान उघडलं. विक्रमने लावलेलं ते तयार सेटिंग शोधायला पाच मिनिटं गेली, कारण गुरुवारी बाण फार भराभर फिरला होता. शेवटी सापडलं. 'वर्किंग डेज' असं नाव, आणि खाली सात चौकोन. सोमवारपासून शनिवारपर्यंत सहा बरोबरच्या खुणा. शुक्रवारवर ठसठशीत खूण. रविवारचा चौकोन कोरा, धुतल्या पाटीसारखा. पुण्याच्या विक्रमने कामाचा आठवडा लावला होता, फक्त तो पुण्याचा होता. आणि इकडे बळवंतकाकांना, सुट्टी म्हणजे शुक्रवार, हे कुणाला सांगावं लागतं असं आयुष्यात कधी वाटलंच नव्हतं. सूर्य कुठून उगवतो हे कोण सांगत बसतं?

त्यांनी शुक्रवारची खूण काढली. रविवारच्या चौकोनात खूण केली. बदल साठवला.

"आता लाव."

"पासवर्ड नवा की जुना?"

"नवा. सावकाश."

फोनवर कळा दाबल्याचे आवाज आले. मग मंजुळाबाईंचा, मोबाइलच्या अगदी जवळून, "हिरवा! भाऊ, हिरवा हाय!"

दोनला दहा कमी असताना मेहुलभाई हातात फोन घेऊनच आले. काकांनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. दिशाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता आणि सर्व्हरवर तिची फाइल उघडलेली दिसत होती.

"काय होतं?"

"रविवारला सुट्टी दिली होती."

"कोणी?"

"पुण्याने."

मेहुलभाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग ते दाराच्या चौकटीला धरून हसायला लागले. "रविवारी? रविवारी कोण सुट्टी घेतो!"

"लोक घेतात म्हणे," काका म्हणाले.

मेहुलभाईंनी हातातल्या फोनवर नंबर लावला आणि बोलत बोलत व्हरांड्यात गेले. "ना भाई, जरूर नथी. अमारी छोकरी करे छे." पुढचं काकांना ऐकू आलं नाही, कारण कोपऱ्यातला प्रिंटर आपणहून घरघरला. ऑफिसात त्याच्याजवळ कुणी नव्हतं. त्याने एक कागद ओढला, थोडा थांबला आणि पहिलं पान बाहेर टाकलं. काकांनी ते उचललं. इन्व्हॉइस. पत्ता बरोबर, पिंपांची संख्या बरोबर, दिशाच्या सवयीप्रमाणे तारखेखाली बारीक रेघ.

"काका, निघालं?"

"निघालं. झकास आहे."

"कोऱ्या कागदावर आलंय का?"

काकांनी पान उलटसुलट केलं. "हो."

"अहो, इन्व्हॉइस लेटरहेडवर लागतं! माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहेत, पिवळ्या फोल्डरखाली. वरचं पान घेऊ नका, त्याला कोपऱ्यात डाग आहे. आणि ट्रेमध्ये पालथे घाला."

"पालथे म्हणजे छापलेली बाजू खाली?"

"खाली. आणि डोकं आतल्या बाजूला. काका, लवकर करा, अजून अकरा पानं आहेत."

बळवंतकाका लगबगीने तिच्या टेबलाशी गेले, खुर्ची बाजूला सारली आणि दुसरा खण उघडला.